डॉक्टर रोलोन सहृदयतेत नापास होतात

डॉक्टर एलाडिओ रोलोन सहृदयतेत नापास झाले ही बातमी सान तेओफिलोच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकाच दुपारी सर्वतोमुखी झाली, आणि तीही जेवणानंतरच्या झोपेच्या दुपारी. एरवी त्या वेळी पॅराग्वेच्या त्या भागात अंगावर ऊन आलं तरी कुत्रंसुद्धा उठून सावलीत जात नाही. पण दुसऱ्याच्या फजितीची गोष्ट निराळी. ती ऐकायला प्रयोगशाळेतला मदतनीस उठला, ग्रंथालयातल्या बाई उठल्या, आणि शवागाराचा रखवालदार, जो तिथल्या मंडळींइतकाच शांत म्हणून प्रसिद्ध होता, तोही येऊन विचारून गेला की नक्की किती गुण पडले.

दुःख नुसतं नापास होण्याचं नव्हतं. ती परीक्षा डॉक्टरांनीच आणली होती, तिची समिती त्यांचीच होती, आणि नापास होणाऱ्याचं काय करायचं हा नियमही त्यांनीच घातला होता.

झालं होतं असं. महाविद्यालयाला मान्यता देणाऱ्या राजधानीतल्या मंडळाने कळवलं की तुमचे विद्यार्थी शरीराविषयी पुष्कळ शिकतात. माणसाविषयी किती कळवळा बाळगतात ते मोजून दाखवा. डीनसाहेबांनी सभा बोलावली. विषय निघताच सगळे प्राध्यापक खिडकीबाहेरच्या आंब्याच्या झाडाकडे बघू लागले. रोलोन तेवढे सवयीने डीनसाहेबांकडे बघत राहिले, त्यामुळे काम त्यांच्या गळ्यात पडलं.

आता रोलोन हे काम हातात घेतलं की ते नीट करणाऱ्या दुर्दैवी लोकांपैकी होते. त्यांनी एक प्रश्नावली मिळवली. वीस विधानं, आणि प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. मुळीच पटत नसेल तर एक, अगदी पटत असेल तर सात. विद्यार्थ्यांनी भरायची, आणि उदाहरण घालून द्यावं म्हणून शिक्षकांनीही भरायची. शिवाय त्यांनी नियम केला की ज्या शिक्षकाला गुण कमी पडतील त्याने प्रात्यक्षिक परीक्षा पास होईपर्यंत रुग्णांच्या खाटेशी शिकवायचं नाही. हा नियम त्यांनी शल्यचिकित्सेच्या डॉक्टर बासिलिओंना डोळ्यांपुढे ठेवून केला होता. बासिलिओ रुग्णाला त्याच्या पित्ताशयाच्या नावाने ओळखत आणि चहाची वेळ हुकली की त्याला शिव्या देत.

बासिलिओंना जवळजवळ पैकीच्या पैकी पडले. त्यांनी डोळे मिटून सगळीकडे सात लिहिलं होतं. रोलोन मात्र प्रश्नावली घेऊन अख्खी सकाळ बसले. 'रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून बघणं मला आवडतं' या विधानापाशी ते बराच वेळ अडले. आपण रुग्णाच्या जागी गेलो तर आपल्या जागी कोण? त्यांनी चार लिहिलं. मग प्रत्येक विधान 'प्रसंगावर अवलंबून आहे' असं वाटून त्यांनी बहुतेक ठिकाणी चार लिहिलं, आणि जिथे अगदीच राहवलं नाही तिथे तीन. प्रामाणिकपणा हा गुण त्या कागदावर कुठे मोजला जात नव्हता.

डीनसाहेबांनी त्यांना खोलीत बोलावून खुर्ची दिली. "एलाडिओ, कागदच आहे. पुन्हा भरून टाक. मी बघितलंच नाही."

"मी पुन्हा भरला तरी तेच भरीन, सर."

"तेच तर म्हणतोय, नको भरूस तेच!"

पण रोलोन आपल्या नियमाला चिकटून राहिले. परीक्षेपर्यंत सकाळची फेरी त्यांची धाकटी सहकारी डॉक्टर फातिमा घेऊ लागली. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

इथे सांगायला हवं की सकाळची फेरी म्हणजे रोलोन यांचा जीव की प्राण होता. विद्यार्थ्यांचं लटांबर मागे घेऊन खाटेखाटेशी थांबायचं, नखं बघायची, जीभ बघायची, छातीला नळी लावून "ऐका, ऐका, गाढवांनो, ते बघा येतंय" म्हणत डोळे मिटायचे. यासाठीच ते सकाळी उठत. पोरं त्यांना भीत आणि त्यांच्यासारखं ऐकू यावं म्हणून धडपडत. ती फेरी गेली तर उरणार होता तो एक पोक्त गृहस्थ, ज्याला बागकामही येत नव्हतं. ते व्हरांड्यात बसले की आतून फातिमाचा आवाज यायचा, आणि ती एखादं लक्षण चुकवतेय असं वाटलं की त्यांचा पाय आपोआप उठायचा आणि ते तो खाली दाबून धरायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेला खोटे रुग्ण लागत. खऱ्या माणसाने रुग्णाचं सोंग घ्यायचं, विद्यार्थ्याने त्याला तपासायचं, वाईट बातमी सांगायची, आणि परीक्षकांनी काचेआडून गुण द्यायचे, अशी पद्धत. सान तेओफिलोत सोंग घेणारी एकच मंडळी होती. दर पवित्र सप्ताहात येशूच्या मरणाचा खेळ करणारी. त्यांना बोलावलं. पण त्यांची सवय वेगळी. दम्याचा रुग्ण झालेला खेळातला रोमन शिपाई पहाऱ्यावर असल्यासारखी छाती पुढे काढून धापा टाकू लागला, आणि साधा मधुमेह सांगितल्यावर येशूला दगा देणाऱ्या यहूदाने असा हंबरडा फोडला की शेजारच्या वर्गातून लोक धावत आले. त्या सगळ्यांत समज होती ती एका देल्फिनाबाईंना. थोरल्या बायकांना तिथे नावाआधी 'न्या' लावतात, म्हणून त्या सगळ्या गावाच्या न्या देल्फिना. खेळात त्या येशूची आई मरियम होत. विधवा, मुलगा बुएनोस आयरेसला, आणि घर रोलोन यांच्या कुंपणाला लागून.

त्यांच्यापायी पहिला घोळ झाला तो तेरेरेचा. यर्बाची पानं, पाला आणि बर्फाचं पाणी घातलेला शिंगाचा पेला आणि त्यात धातूची नळी. एकाने प्यायचं, भरून दुसऱ्याला द्यायचं, नळी तीच. न्या देल्फिना परीक्षेला थर्मास घेऊनच आल्या आणि समोर बसेल त्या विद्यार्थ्याला त्यांनी आधी पेला पुढे केला. हुशार मुलांनी हात धुतल्याचं दाखवत नम्रपणे नकार दिला आणि "तुम्हाला किती त्रास होत असेल याची मला कल्पना आहे" हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं. रुग्ण म्हणून गुण देण्याचा अधिकार न्या देल्फिनांनाही होता. त्यांनी त्या सगळ्यांना शून्य दिलं. ओस्मार नावाच्या एका ढ मुलाने तीन पेले प्यायले, काही विचारायचंच विसरला, निघताना त्यांच्या कोंबड्यांची चौकशी केली आणि वर्गात पहिला आला.

या प्रश्नावर समितीच्या तीन बैठका झाल्या. संसर्ग विभागाचं म्हणणं पडलं की प्रत्येक विद्यार्थ्याने आपापली नळी आणावी. न्या देल्फिना म्हणाल्या, "मग माझ्या घरी येताना आपापली खुर्चीही आणा म्हणावं." नीतिमत्ता समितीने सुचवलं की पेला रिकामा असावा आणि विद्यार्थ्याने पिण्याचा अभिनय करावा. त्यावर त्यांनी डीनसाहेबांकडे असं बघितलं की सूचना इतिवृत्तातूनही काढली गेली. शेवटी ठरलं की पेला स्वीकारावा की नाही हे विद्यार्थ्याच्या विवेकावर सोडावं, आणि विवेकाला दोन गुण ठेवावेत.

इकडे रोलोन यांच्या परीक्षेची तयारी घरोघरी सुरू झाली. समोरचे कराई, म्हणजे तिकडचे 'राव', विल्फ्रिदो हे गुरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "सोपं आहे, डॉक्टर. मी गाईला हात लावायच्या आधी तिच्या कानात बोलायचो. काय बोलायचो ते महत्त्वाचं नाही."

"माझे रुग्ण काय बोललो ते ऐकतात."

"हां, ती अडचण आहे खरी."

बायकोवर, मिर्तावर, सराव करावा म्हणून एका संध्याकाळी रोलोन स्वयंपाकघरात गेले, खुर्ची तिच्या उंचीला घेतली, किंचित पुढे झुकले (झुकण्याला एक गुण होता) आणि म्हणाले, "मिर्ता, तुला आत्ता कसं वाटतंय?"

"मांडिओकाचे कंद सोलायला कोणी आलं नाही असं वाटतंय."

"म्हणजे तुला एकटं वाटतंय, असं मी समजू का?"

मिर्ताने त्यांच्या हातात सुरी दिली. "आधी हे सोल. आणि मी बोलत असताना मान हलवू नकोस तशी, मला चक्कर येते. समजून घ्यायचंय ना माणसाला? मग समोरचा बोलताना गप्प बस. तीस वर्षांत तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं—"

"बत्तीस," रोलोन म्हणाले.

खरी मदत केली ती न्या देल्फिनांनी. रोज संध्याकाळी त्या कुंपणाशी खुर्ची टाकून बसत आणि रुग्ण होत. "या डॉक्टर, आज मी पोटाची बाई आहे." रोलोन येत, उभ्यानेच दोन प्रश्न विचारत, आणि लगेच रोग सांगून मोकळे होत. त्यांना रोग इतक्या पटकन कळे की पुढचं ऐकण्यात त्यांना अर्थच वाटत नसे. "बसा हो," त्या म्हणत. "मला घाबरायला तरी वेळ द्या." इतकी वर्षं शेजारी राहून रोलोन यांनी या बाईच्या अंगणात कधी बूड टेकलं नव्हतं, आणि आता बसल्यावर त्यांना गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. हळूहळू कळू लागलं. एकदा त्यांनी न्या देल्फिनांना सगळं बोलू दिलं. ते बोलणं पोटाबद्दल नव्हतंच, मुलाच्या न येणाऱ्या फोनबद्दल होतं. रोलोन यांनी त्यावर कोणतंही औषध सुचवलं नाही. "अहो, जमलं की!" न्या देल्फिना म्हणाल्या. "तुमची फेरी तुम्हाला परत मिळवून दिल्याशिवाय मी राहत नाही, बघाच तुम्ही."

परीक्षेच्या दिवशी राजधानीहून एक निरीक्षक बाई आल्या होत्या. आधी काही नापास विद्यार्थी, आणि शेवटी डॉक्टर. काचेआड निरीक्षक बाई, डीनसाहेब आणि फातिमा. न्या देल्फिना त्या दिवशी दुःखी रुग्णाच्या भूमिकेत होत्या आणि काचेआड सगळे थक्क होऊन बघत होते. ओठाचा एक कोपरा असा खाली ओघळला होता, बोलणं असं जड झालं होतं, की निरीक्षक बाई कुजबुजल्या, "असा अभिनय मी तिकडे राजधानीत, असुन्सिओनलाही बघितला नाही." एकामागून एक मुलं आत गेली, पुढे झुकली, "तुम्हाला किती त्रास होत असेल याची मला कल्पना आहे" म्हणाली, आणि बाहेर आली. त्या दिवशी विवेकाचे गुण द्यायची वेळच आली नाही, कारण पेला कुणापुढेही आला नाही.

रोलोन आत गेले. "नमस्कार, मी डॉक्टर रोलोन," ते पाठ केल्याप्रमाणे म्हणाले, खुर्ची ओढली, बसले, झुकले. मग थांबले. न्या देल्फिनांचा उजवा हात मांडीवर पडला होता. तो विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा दिसत होता.

"हात वर करा," ते म्हणाले.

"माझ्या मनाला फार—"

"मनाचं राहू द्या. दोन्ही हात वर करा! हसून दाखवा. हसा म्हणतो ना!"

डावा हात वर गेला. उजवा जागचा हलला नाही. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं.

"असं लिहिलेलं नाहीये, डॉक्टर," त्या जड जिभेने कुजबुजल्या. "तुमचे गुण जातील. नीट विचारा."

"कधीपासून?" रोलोन ओरडले. काचेआड निरीक्षक बाईंनी 'आवाज चढवला' या रकान्यात खूण केली. "कधीपासून आहे हे?"

"सकाळी उठले तेव्हापासून."

"सकाळी! मग सकाळीच हाक का नाही मारलीत? मी कुंपणापलीकडे होतो! दाढी करत होतो!"

न्या देल्फिनांनी त्यांच्याकडे, मूल वेडगळ काही विचारतं तेव्हा बघावं, तसं बघितलं.

"तुमची परीक्षा होती ना," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं धावपळीत झालं. रोलोन यांनी दार लाथेने उघडलं, फातिमाला हाक मारली, डीनसाहेबांना बाजूला ढकललं. खाट आली, मेंदूचं छायाचित्र निघालं, त्यात पक्षाघाताची गुठळी दिसली. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते लवकर द्यावं लागतं, आणि ती वेळ केव्हाच उलटून गेली होती. ती वेळ कशात गेली होती हे रोलोन यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्यांना पास करण्यात गेली होती.

न्या देल्फिना वाचल्या. बोलणंही बरंच परतलं. वॉर्डात त्यांनी शुद्धीवर आल्यावर पहिली मागणी केली ती गुणपत्रकाची. फातिमाने वाचून दाखवलं, त्या डाव्या हाताने खुणा करत गेल्या.

"डॉक्टरांनी तुम्हाला बोलू दिलं का?"

"कुठलं! मध्येच तोडलं."

"तुमच्या भावनांची दखल घेतली?"

"मनाचं राहू द्या म्हणाला. लिही, नाही."

"न्या देल्फिना, त्यांनी तुमचा जीव वाचवला."

"त्याला इथे रकाना आहे का?" फातिमाने कागद उलटसुलट बघितला. नव्हता. "मग झालं तर. मी खोटं लिहिणार नाही. एकदा सोंग घेऊन पुरे झालं मला."

डीनसाहेबांनी पुन्हा खुर्ची दिली. नियम बदलू, म्हणाले. निरीक्षक बाईंचीही हरकत नव्हती, उलट त्यांनी अहवालात एक हळवा परिच्छेद लिहिला होता. रोलोन यांनी मान हलवली. "मी नापास आहे, सर," ते म्हणाले. "कुंपणापलीकडे एक बाई पडलीय आणि मी आरशासमोर पुढे झुकायचा सराव करतोय. याला आणखी काय म्हणतात?" डीनसाहेब खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघू लागले.

फेरी फातिमाकडेच राहिली. रोलोन रोज सकाळी शेजारी म्हणून वॉर्डात येऊ लागले. न्या देल्फिनांच्या खाटेशी बसत, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत, मिटत. कोंबड्यांनी किती अंडी दिली ते सांगत. मुलाचा फोन लावून त्यांच्या कानाशी धरत, आणि तो बोलत असताना खिडकीपाशी जाऊन उभे राहत. एका सकाळी त्यांना बोट हललंसं वाटलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ते घरी शीळ घालत गेले आणि मिर्ता काळजीत पडली.

दुसऱ्या दिवशी फेरी वॉर्डात शिरली तेव्हा ते तिथेच होते. लटांबर दारात थबकलं. वॉर्डातली नवी परिचारिका पुढे आली.

"हे कोण? शिकवणारे डॉक्टर असतील तर यांना फेरीत बसायला मनाई आहे, तसं मला लेखी मिळालंय. नातेवाईक असतील तर फेरी होईपर्यंत बाहेर."

मुलं खाली बघू लागली. फातिमाने काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"हा ना? हा आमच्या घरचा आहे."

रोलोन उठले. घरचा माणूस म्हटल्यावर बाहेर जाणं आलंच. जाताना त्यांनी न्या देल्फिनांची चादर नीट केली, आणि ओस्मार त्यांच्यासाठी दार धरून उभा होता त्याच्याकडे न बघता बाहेर पडले.

व्हरांड्यात नातेवाईक दाटीवाटीने उभे होते. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या कडेवर मूल. रोलोन भिंतीशी जागा करून त्यांच्यात उभे राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" आणि ते म्हणाले, "बहीण." असं का म्हणालो हे त्यांना कळलं नाही, पण बदलून सांगावंसंही वाटलं नाही.

फेरी संपायला फार वेळ लागला. आत एवढा वेळ काय करतात हे त्यांनी पूर्वी कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. दार उघडलं, फातिमा बाहेर आली, आणि सगळे नातेवाईक तिच्यावर तुटून पडले. रोलोनही. कोपराने वाट काढत ते तिच्यापर्यंत पोचले. असे हजारो हात त्यांनी पाहिले होते; कुठल्या हाताचं पुढे काय होतं हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, आमच्या बाईंचा हात... येईल ना हो परत?"

फातिमा थांबली. तिने बाकीच्यांना हाताने जरा थोपवलं, रोलोन यांच्या दंडाला धरून त्यांना भिंतीशी असलेल्या बाकापाशी नेलं आणि म्हणाली, "बसा, सर."

उत्तर त्यांना तेवढ्यातच कळलं. तरीही ते बसले, आणि शेजारी तिला जागा करून देत, तिचं सगळं बोलून होईपर्यंत गप्प राहिले.